टोकियो रोझ नावाची बाई नव्हतीच, शिक्षा मात्र झाली

शॉर्टवेव्ह
मंडळी, परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी टोकियो रोझचा उल्लेख "जपान्यांना फितूर झालेली अमेरिकन बाई" असा केला. तिथे विषयांतर नको म्हणून गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, या नावाची निवेदिका रेडिओ टोकियोवर कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैनिकांनी शॉर्टवेव्हवर इंग्रजीत बोलणाऱ्या ज्या काही बायका ऐकल्या त्या सगळ्यांना मिळून त्यांनीच ठेवलेलं हे नाव. युद्ध संपल्यावर क्लार्क ली आणि हॅरी ब्रंडिज हे दोन अमेरिकन पत्रकार टोकियोत उतरले आणि टोकियो रोझच्या मुलाखतीला २००० डॉलर देऊ म्हणून सांगत सुटले. आता जी बाई अस्तित्वातच नाही ती सापडणार कुठून? पण आयव्हा तोगुरी सापडली. नुकतं लग्न झालेलं, हातात पैसा नाही, घरी परत जायचंय, आणि आपण काही वाईट केलंय हे डोक्यातही नाही. "मीच ती एकमेव" अशा कागदावर तिनं सही केली. ते २००० डॉलर तिला कधी मिळाले नाहीत ते नाहीतच, मिळाली ती अटक.

ही आयव्हा कोण? जन्म लॉस एंजेलिसचा, ४ जुलै १९१६, म्हणजे बघा अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनालाच. आईवडील जपानहून आलेले, पण घरात वळण सगळं अमेरिकन, जपानी भाषा धड येत नव्हती, जपानी जेवण आवडत नव्हतं. प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि जुलै १९४१ मध्ये आजारी मावशीला बघायला म्हणून जपानला गेली. पासपोर्ट नव्हताच, नुसतं एक ओळखपत्र घेऊन निघाली. तिथून अमेरिकन वकिलातीत पासपोर्टसाठी अर्ज केला, तो सुटायच्या आत पर्ल हार्बर झालं. मग जपानी पोलीस रोज दारात, नागरिकत्व सोड म्हणून. तिनं सोडलं नाही. रेशनकार्ड नाही, नातेवाइकांना शेजाऱ्यांचा त्रास म्हणून ते घरही सोडावं लागलं, दोमेई वृत्तसंस्थेत आणि नंतर रेडिओ टोकियोत टायपिस्टची नोकरी धरली. आणि तिकडे अमेरिकेत तिच्याच घरच्यांना जपानी वंशाचे म्हणून छावणीत टाकलेलं, आई त्या बंदिवासातच वारली.

१९४३ च्या नोव्हेंबरात तिला 'झीरो अवर' या कार्यक्रमासाठी माइकसमोर बसवलं. कार्यक्रम चालवणारे कोण, तर युद्धकैदी! ऑस्ट्रेलियाचा मेजर चार्ल्स कझिन्स, अमेरिकन कॅप्टन वॉलेस इन्स आणि फिलिपिनो लेफ्टनंट नॉर्मांडो रेयेस. कझिन्स युद्धाआधी सिडनीतला नावाजलेला रेडिओ निवेदक. त्यानं तिला मुद्दाम निवडलं कारण तिचा आवाज मधाळ नव्हता, घोगरट होता, आणि त्याला कार्यक्रमाचा प्रचार म्हणून बोजवारा उडवायचा होता. ती स्वतःला 'ऑर्फन अ‍ॅन' म्हणायची, रेकॉर्डी लावायची, मधे मधे थट्टा. पगार महिना १५० येन, म्हणजे अगदी फुटकळ. त्यातूनच चोरून खाणं औषधं घेऊन कैद्यांना द्यायची.

आणि या बाईवर १९४९ साली सॅन फ्रान्सिस्कोत देशद्रोहाचा खटला. आठ आरोप. सात टिकले नाहीत. टिकला तो आठातला सहावा, की ऑक्टोबर १९४४ मधल्या एका दिवशी, तारीख माहीत नाही, आरोपी माइकमध्ये जहाजं बुडाल्याबद्दल बोलली. बस एवढंच. १० वर्षं आणि १०,००० डॉलर दंड.

माझा मुद्दा पुढे प्रतिसादांमध्ये येईलच, पण आधी तुमचं ऐकू.

टवाळ पाखरू
म्हणजे तारीख माहीत नाही, बाई ती नाही, नाव तिचं नाही, पण गुन्हा मात्र पक्का. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पण असंच चालतं.

वकिली बाणा
छान विषय. कायद्याच्या बाजूनं थोडी भर. अमेरिकन राज्यघटनेत देशद्रोह सिद्ध करायला एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार लागतात, ही अट फार कडक आहे आणि मुद्दामच तशी ठेवलीय. या खटल्यात ते दोघं होते केनकिची ओकी आणि जॉर्ज मित्सुशिओ, रेडिओ टोकियोतले तिचे वरिष्ठ. आता गंमत बघा, हे दोघंही मूळचे अमेरिकेतच जन्मलेले, पण त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलेलं. त्यामुळे त्यांच्यावर देशद्रोह लागूच होत नव्हता. ज्यांनी नागरिकत्व सोडलं ते साक्षीदार, आणि जिनं पोलिसांच्या छळाला न जुमानता टिकवलं ती आरोपी.

१९७६ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या रॉन येट्सनं या दोघांना जपानमध्ये गाठलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आमच्याकडून साक्ष पढवून घेतली होती, दबाव होता. २७ वर्षांनी!

सदा सर्वदा
शॉर्टवेव्ह, लेख चांगला आहे पण एवढं हळवं व्हायचं कारण नाही असं माझं मत. शत्रूच्या रेडिओवर बसून आपल्या सैनिकांसाठी कार्यक्रम करणं हे कुठल्याही देशात चालणार नाही. गाणी लावली म्हणता, पण गाणी लावण्यामागे हेतू काय होता जपान्यांचा? पोरांना घरची आठवण यावी आणि मन लागू नये हाच ना. उपाशी राहिले असते पण माइक धरला नसता असे लोकही होते की. आज कारगिलच्या वेळी कुणी पलीकडून असा कार्यक्रम केला असता तर आपण काय म्हटलं असतं?

शॉर्टवेव्ह
सदा सर्वदा, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. समजा शत्रूच्या माइकवर बसणं हाच गुन्हा. मग तिला माइकवर बसवणाऱ्या, तिची संहिता लिहिणाऱ्या लोकांचं काय झालं? कॅप्टन इन्सवर काही कारवाई झाली नाही, उलट मेजर झाला. कझिन्सवर सिडनीत देशद्रोहाची सुनावणी सुरू झाली होती, पण १९४६ मध्ये प्रकरण मागे घेतलं आणि गडी परत रेडिओवर. बरं हा माणूस पुढे स्वखुशीनं ऑस्ट्रेलियाहून सॅन फ्रान्सिस्कोला आला, तिच्या बाजूनं साक्ष द्यायला, की संहिता मी लिहायचो आणि ती फक्त वाचायची. ज्यूरीनं ऐकलं आणि तरीही.

आता तुम्ही म्हणाल ते कैदी होते, बळजबरी होती. मान्य. पण मग परक्या देशात अडकलेली, रेशनकार्ड नसलेली, रोज पोलिसांच्या नजरेखालची बाई मोकळी होती का?

बरं १९४५ मध्ये अमेरिकन लष्करानं तिला सुगामो तुरुंगात वर्षभर ठेवून चौकशी केलीच होती आणि पुरावा नाही म्हणून ऑक्टोबर १९४६ मध्ये सोडलंही होतं. पुन्हा धरलं ते तिनं बाळंतपणासाठी अमेरिकेत परत यायची परवानगी मागितल्यावर, वॉल्टर विंचेल नावाच्या रेडिओवरच्या बडबड्या पत्रकारानं रान उठवलं म्हणून. ते मूलही जगलं नाही. १९४८ हे अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष होतं हेही ध्यानात घ्या.

वकिली बाणा
याच्या जोडीला लॉर्ड हॉ-हॉ घ्यावाच लागेल, कारण तो खटला अगदी उलट टोकाचा आहे. विल्यम जॉइस. हा माणूस खराखुरा नाझी, कट्टर ज्यूद्वेष्टा, मोझलीच्या ब्रिटिश फॅसिस्ट पक्षातला प्रचारप्रमुख. ऑगस्ट १९३९ च्या शेवटी जर्मनीला पळाला आणि "जर्मनी कॉलिंग" करत बसला. 'हॉ-हॉ' हे नाव 'डेली एक्स्प्रेस'च्या रेडिओ समीक्षकानं दिलं तेही बहुधा दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकून, पुढे ते जॉइसला चिकटलं. म्हणजे इथेही नाव आधी आणि माणूस नंतर.

मे १९४५ मध्ये फ्लेन्सबुर्गजवळच्या जंगलात दोन ब्रिटिश अधिकारी लाकडं गोळा करत होते, त्यांच्याशी हा बोलायला गेला आणि आवाजावरून ओळखला गेला. तूच जॉइस का असं विचारल्यावर त्यानं खोटा पासपोर्ट काढायला खिशात हात घातला, समोरच्याला वाटलं पिस्तूल, त्यानं पार्श्वभागात गोळी घातली. गोळी घालणारा जर्मनीतून पळून आलेला ज्यू मुलगा, ब्रिटिश सैन्यात भरती झालेला.

खटल्यात मात्र सरकारी पक्षाचे धाबे दणाणले, कारण जॉइस ब्रिटिश नव्हताच. जन्म ब्रुकलिनचा, बाप अमेरिकन नागरिक झालेला. परक्या माणसानं ब्रिटनशी द्रोह कसा करायचा? मग धरलं काय, तर पासपोर्ट. जन्म आयर्लंडमधला असं खोटं सांगून त्यानं १९३३ मध्ये ब्रिटिश पासपोर्ट मिळवला होता आणि जर्मनीला जायच्या तोंडावर वर्षभरासाठी वाढवून घेतला होता. सरकारी वकील हार्टली शॉक्रॉस म्हणाले, पासपोर्ट घेतला म्हणजे राजाचं संरक्षण घेतलं, आणि संरक्षण घेतलं तोवर निष्ठाही देणं लागतो. म्हणून दोषी ठरला तो फक्त सप्टेंबर १९३९ ते जुलै १९४० या काळापुरता, पासपोर्टची मुदत संपेपर्यंत. पुढची पाच वर्षं त्यानं जे काय ओकलं ते हिशोबातच नाही. आणि त्या सुरुवातीच्या महिन्यांत त्याचा आवाज ऐकल्याचा साक्षीदार कितीसे, तर एक पोलीस इन्स्पेक्टर. कायदा कुठला, तर १३५१ सालचा.

हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये चार विरुद्ध एक. लॉर्ड पोर्टर विरोधात गेले. ३ जानेवारी १९४६ ला वाँड्सवर्थ तुरुंगात फाशी.

शॉर्टवेव्ह
अगदी हेच मला म्हणायचं होतं, वकीलसाहेबांनी पान वाढून ठेवलं. जॉइसकडे पासपोर्ट होता, नागरिकत्व नव्हतं. आयव्हाकडे नागरिकत्व होतं, पासपोर्ट नव्हता. एकाला कागदानं अडकवलं आणि दुसरीला कागद नसल्यानं अडकवलं. रेडिओवर नक्की काय बोलले आणि त्यानं कुणाचं काय वाकडं झालं याची चर्चा दोन्ही कोर्टांत दुय्यमच राहिली. सैनिकांच्या तोंडी ज्या भयानक गोष्टी होत्या, की ती आमच्या तुकडीचं नाव घेऊन सांगायची, उद्या तुमच्यावर हल्ला होणार म्हणायची, त्यातलं एकही वाक्य कार्यक्रमांच्या जतन केलेल्या संहितांमध्ये सापडलं नाही. ब्रिटनमध्येही लोक शपथेवर सांगायचे की हॉ-हॉनं आमच्या गावातलं घड्याळ बंद पडल्याचं सांगितलं म्हणून, तेही नोंदींमध्ये नाही. लोकांनी ऐकलं त्यापेक्षा जास्त लोकांच्या कानात वाजलं.

आणि हो, दोघांना एका पारड्यात टाकत नाहीये मी. जॉइसला आपण काय करतोय ते पुरेपूर कळत होतं.

मृण्मयी
विनोदी कादंबऱ्या लिहिणारा इंग्रज लेखक वुडहाउस राहिला की! आमच्या पिढीतल्या पुण्यातल्या घरांमध्ये जीव्ज वाचून मोठी झालेली मंडळी अर्धी तरी असतील आणि त्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं की या माणसालाही देशद्रोही म्हटलं गेलं.

१९४० मध्ये जर्मनांनी त्याला फ्रान्समधल्या राहत्या घरातून उचललं आणि तोस्त नावाच्या गावी, वेड्यांच्या इस्पितळाच्या इमारतीत स्थानबद्ध केलं. जून १९४१ मध्ये सोडलं आणि बर्लिनहून अमेरिकेसाठी पाच भाषणं करवून घेतली. भाषणं काय तर नेहमीची त्याची थट्टामस्करी, छावणीतलं जेवण वगैरे. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, तिथल्या वाचकांना खुशाली कळवतोय अशी याची समजूत! इकडे लंडनवर बॉम्ब पडलेले, लोक संतापले, 'डेली मिरर'च्या कॅसांड्रा या स्तंभलेखकानं बीबीसीवरून त्याची सालटी काढली, वाचनालयांनी पुस्तकं काढून टाकली. पुढे गुप्तचर खात्यानं चौकशी करून मूर्खपणा आहे, द्रोह नाही असाच निष्कर्ष काढला, पण तो इंग्लंडला परत गेला नाही तो नाहीच. १९७५ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि दीड महिन्यात वारला.

मला त्याचं प्रेम आहे पण स्पष्ट बोलते, त्या वेळी लंडनमध्ये असते तर मीही पुस्तकं फेकली असती.

शिकागोवाला
बेलमाँट अव्हेन्यूवर 'जे. तोगुरी मर्कंटाइल' म्हणून दुकान होतं, तिच्या वडिलांनी सुरू केलेलं, जपानी कपबश्या, तांदूळ, भेटवस्तू असं सगळं. नव्वदच्या दशकात आम्ही नवीन नवीन आलो तेव्हा त्या भागात खूपदा जायचो, चांगला गुळगुळीत तांदूळ तिथे मिळायचा. काउंटरमागे कोण बसतं हे तेव्हा ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पुष्कळ वर्षांनी पेपरात वाचलं.

शिक्षेपैकी सहा वर्षं आणि थोडे महिने तिनं वेस्ट व्हर्जिनियात ऑल्डरसनच्या तुरुंगात काढले, जानेवारी १९५६ मध्ये सुटली. सुटल्यावर सरकार तिला देशाबाहेर घालवायला निघालं होतं! वेन कॉलिन्स नावाच्या वकिलानं खटलाही फुकट लढवला आणि हेही अडवलं, त्याच्यानंतर त्याच्या मुलानं माफीचा अर्ज लावून धरला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी १९ जानेवारी १९७७ ला, म्हणजे खुर्ची सोडायच्या आदल्या दिवशी, माफी दिली आणि नागरिकत्व परत मिळालं. नवरा खटल्यात साक्ष द्यायला आला होता तेवढाच, त्यानंतर त्याला अमेरिकेत परत येऊ दिलं नाही, शेवटी घटस्फोट. २००६ मध्ये नव्वदीत गेली.

गिरगावकर
एवढा वेळ सगळं टोकियो बर्लिन चाललंय, आपल्या गिरगावाकडे पण या जरा. त्याच काळात आमच्या इथे चोरटं रेडिओ केंद्र चालू होतं, काँग्रेस रेडिओ. २७ ऑगस्ट १९४२ ला पहिलं प्रक्षेपण, ४२.३४ मीटरवर, "भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून". उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या. राममनोहर लोहिया मागे होते, यंत्रसामग्रीला शिकागो रेडिओवाले नानक मोटवानी. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या म्हणून बिऱ्हाड सतत हलवत. वर्तमानपत्रांनी छापायची हिंमत न केलेलं चिमूर आणि आष्टीतल्या उठावांचं इथूनच लोकांना कळलं. १२ नोव्हेंबरला आतल्याच एका तंत्रज्ञानं घात केला आणि छापा पडला. उषाबेन कोर्टात तोंड उघडायला तयार नव्हत्या. चार वर्षं सक्तमजुरी, येरवडा. १९९८ मध्ये पद्मविभूषण.

तेव्हा सरकारच्या लेखी हाही युद्धकाळातला गुन्हाच होता बरं का, जपानी ब्रह्मदेशापर्यंत आलेले असताना.

सदा सर्वदा
गिरगावकर, इथे मी तुमच्याशी सहमत पण तुलना नको. उषा मेहता आपल्याच लोकांसाठी, आपल्याच भूमीवरून बोलत होत्या.

गिरगावकर
मग नेताजी? ते तर बर्लिनमध्ये बसून बोलत होते. सिंगापूर पडल्यावर चारच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९४२ ला, स्वतःच्या नावानं आझाद हिंद रेडिओवर आले. बीबीसीला ब्लफ अँड ब्लस्टर कॉर्पोरेशन म्हणायचे. मार्चमध्ये विमान अपघातात गेल्याची बातमी पसरली, गांधीजींनी त्यांच्या आईला सांत्वनाची तारही केली, मग जिवंत असल्याचं सांगायला रेडिओवरच यावं लागलं. त्या केंद्रावर मराठीतूनही बातम्या असायच्या. आमचे सांगलीचे आजोबा खिडक्या लावून ऐकायचे असं घरात सांगतात, आवाज कमी आणि खरखर जास्त.

मृण्मयी
आणि पलीकडून बीबीसीच्या पूर्व विभागात जॉर्ज ऑर्वेल! १९४१ ते ४३ तो हिंदुस्थानसाठीच्याच कार्यक्रमांवर होता, त्याच्या साप्ताहिक वार्तापत्रांची मराठी भाषांतरंही जायची. त्याच्याबरोबर आपल्या वेणू चितळे होत्या, हुजूरपागेत शिकलेल्या. म्हणजे एकाच संध्याकाळी सांगलीतल्या आजोबांना दोन्हीकडून मराठीत समजावणं चालू होतं. वेणूताईंना कुणी फितूर म्हटलं नाही आणि म्हणूही नये, पण मी त्या जागी असते तर बेचाळीसच्या ऑगस्टनंतर लंडनच्या माइकसमोर बसणं मला जड गेलं असतं.

टवाळ पाखरू
एक राहिलंच. तेव्हाचे भारतमंत्री लिओ एमरी, जन्म चक्क गोरखपूरचा, गांधीजींना आगाखान पॅलेसात कोंडणाऱ्या सरकारातले. त्यांचा स्वतःचा मुलगा जॉन बर्लिनहून नाझींचा प्रचार करत होता! युद्धानंतर कोर्टात त्यानं सरळ गुन्हा कबूल केला, आठ मिनिटांत खटला संपला, डिसेंबर १९४५ मध्ये फाशी. पगारी पटकथालेखकाला सुचलं असतं तर निर्मात्यानं हाकलून दिलं असतं.

वकिली बाणा
गिरगावकरांच्या मुद्द्याला धरून. वर मी जॉइसच्या फाशीची तारीख दिलीय, ३ जानेवारी १९४६. त्याच दिवशी दिल्लीत सरसेनापती ऑकिनलेकनी लाल किल्ल्यातल्या खटल्यातल्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांची जन्मठेप माफ केली. सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा आरोप शाबीत झाला होता आणि तरीही तिघे घरी गेले. भुलाभाई देसाईंनी युक्तिवाद केला होता की पारतंत्र्यातल्या लोकांना स्वातंत्र्यासाठी युद्ध करायचा हक्क आहे आणि आझाद हिंद सरकार हे सरकारच होतं. लष्करी कोर्टाला ते पटलं नाही. ऑकिनलेकना पटलं असंही नाही, पण रस्त्यावर काय पेटलंय आणि सैन्यातल्या हिंदी जवानांच्या मनात काय चाललंय ते त्यांना दिसत होतं.

सदा सर्वदा
म्हणजे शेवटी जिंकेल तो ठरवणार, असंच ना?

वकिली बाणा
नाही हो, एवढं सोपं नाही. कझिन्स आणि आयव्हा दोघंही जिंकलेल्या बाजूचेच होते. आणि ब्रिटन तर युद्ध जिंकून बसलं होतं, तरी लाल किल्ल्यातून तिघांना सोडावं लागलं. मागे उभं राहायला किती लोक आहेत हे बघा. कझिन्सच्या मागे सिडनीतले मित्र, ओळखीपाळखी. शाहनवाजांच्या मागे अख्खा देश. आयव्हाच्या मागे त्या वेळी जपानी अमेरिकन समाजही उघडपणे उभा राहिला नाही, नुकतेच छावण्यांतून सुटलेले, पुन्हा कुणी बोट दाखवू नये म्हणून अंग चोरून होते. त्यांच्या संघटनेनं तिची बाजू घेतली ती सत्तरच्या दशकात.

सदा सर्वदा
आयव्हापुरतं पटलं. माइक धरला नसता तर बरं झालं असतं हे माझं म्हणणं कायम, पण दहा वर्षं काही पटत नाही. जॉइसला मात्र माझ्याकडून अक्षराचीही सहानुभूती नाही, पासपोर्ट असो नसो.

शॉर्टवेव्ह
मीही मागत नाहीये, सदा सर्वदा. मला फक्त लॉर्ड पोर्टर आवडतात, अख्खा देश फास आवळायला बसलेला असताना ज्यूरीला हा पासपोर्टचा प्रश्न नीट सोपवलाच नव्हता असं लिहून ठेवणारे.

मिल्ड्रेड गिलार्सबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) आलेत दोन. ती अ‍ॅक्सिस सॅली, बर्लिनवाली, आणि तिचं प्रकरण खरंच गंभीर आहे. युद्धकैद्यांच्या छावण्यांत रेड क्रॉसची म्हणून सांगून त्यांचे निरोप ध्वनिमुद्रित करायची, नॉर्मंडीवरच्या चढाईच्या आधी महिनाभर एक नभोनाट्य केलं ज्यात आई मुलाला समुद्रात मेलेला बघते. १९४९ मध्येच शिक्षा, तीही ऑल्डरसनलाच, म्हणजे ती आणि आयव्हा एकाच तुरुंगात. सुटल्यावर ओहायोत जोगिणींच्या मठात मुलींना शिकवायची. तिच्यावर वेगळा धागा काढतो, इथे १५० येनवालीच्या धाग्यात तिला बसवायला नको.